जमिनीवरचं घर

नांदेडात आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहिलो. मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, नवरा शाळेत शिकवतो. स्वतःचं पहिलं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा माझं मन एका फ्लॅटवर जडलं. चौथा मजला, आणि गॅलरीतून गोदावरी दिसायची. पडद्यांचा रंगसुद्धा मी मनात ठरवून टाकला होता.

टोकन देण्याआधी सासूबाईंना दाखवावं म्हणून त्यांना रेणापूरजवळच्या गावातून बोलावून घेतलं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, ओट्यावरून हात फिरवला, पण बसल्या त्या दाराशीच.

“कसं वाटलं, आत्या?”

“चांगलं हाय की. वारं लई छान येतंय.”

उतरताना मात्र त्यांनी लिफ्ट नको म्हटलं. गुडघे दुखत असूनही जिना धरला. नवरा गाडी काढायला पुढे गेला होता. अर्ध्यावर त्या पायरीवर टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

त्र्याण्णव साली पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी, औशाकडे होत्या. माझा नवरा तेव्हा तान्हा. दगडमातीचं घर हलायला लागलं तसं त्यांच्या आईनं त्यांना बाळासकट दाराबाहेर ढकललं. आई आतच राहिली. नवऱ्याची आजी भूकंपात गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

“तवापासून डोक्यावर दुसऱ्याचं घर असलं की डोळा लागत न्हाई मला,” आत्या म्हणाल्या. “त्याला सांगू नको. तुमाला आवडलंय, तुमी घ्या. मी येऊन-जाऊन राहीन.”

तरी मी नवऱ्याला सांगितलं.

“आताच्या इमारती भूकंपाचा विचार करूनच बांधतात,” तो म्हणाला.

“मला पटतं. त्यांच्या झोपेला पटेल का?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. आम्ही फ्लॅट सोडला. त्या दिवशी मला थोडं रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग नव्यानं शोध सुरू झाला. मोकळा प्लॉट स्वस्तात मिळत होता, पण बांधकाम होईपर्यंत भाडं चुकणार नव्हतं. काही ठिकाणी कागद साफ नव्हते, तिथून वकिलानंच परत पाठवलं. शेवटी शहराच्या कडेला एक रो-हाऊस पाहिलं. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, डोक्यावर फक्त आपली गच्ची, पुढं हातभर अंगण. फ्लॅटमध्ये जमीन सगळ्यांची मिळून असते. इथं घराखालची जमीन आपल्या नावावर होणार होती. खोल्या लहान होत्या आणि नदी कुठंच नव्हती. आत्या मात्र आल्या तशा थेट स्वयंपाकघरात जाऊन मांडी घालून बसल्या.

नवरा म्हणाला, “आई, तुझंही नाव लावू.”

“मला झोपाया जागा द्या बास. नाव तुमा दोघांचं लावा. हिचं आधी.”

तसंच झालं. खरेदीखतावर पहिली सही मी केली.

राहायला आल्यावर आत्यांनी खाट व्हरांड्यात टाकली. थंडी पडली तशी ती त्यांनीच आत घेतली, दाराजवळ. शेजारच्या बाई देगलूरकडच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. कंपाउंडच्या भिंतीवरून दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलतात, आणि त्यांना एकमेकींचं सगळं कळतं.

आता गावाकडं जायचा विषय त्या फारसा काढत नाहीत. परवा नवऱ्याला म्हणाल्या, “वर एक खोली काढा की. हिला नदीचं वारं पायजे होतं, नदी न्हाई तर वारं तरी मिळंल. मी काई वर चढायची न्हाई, पण तुमी बांधा.”