पिवळा रंगवलेला डोंगर

गोविंदराव साबळे गेल्याचं मला लोणावळ्याच्या स्टेशनावर कळलं. सांगणारे पेन्शनर मास्तर म्हणाले, "मोठा माणूस गेला हो." मी मान डोलावली नाही. नंतर शोकसभा झाल्या, आर्थिक आणि राजकीय भूगोलातल्या त्यांच्या कामगिरीवर लेख आले. आता त्यांच्या कॉलेजात त्यांचा मावळचा नकाशा दर्शनी भिंतीवर लावायचं घाटतं आहे. तो नकाशा मी रंगवला होता, म्हणून गप्प राहवत नाही...

आम्ही दोघंही मावळातल्या कान्हे गावचे. गोविंदा विलायतेहून शिकून आला तेव्हा मी लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. जवळच्या खोऱ्यात एक वीजकंपनी धरण बांधणार होती, आणि कुठली जमीन कशी आहे ते दाखवणारा नकाशा करायचं काम त्याला मिळालं होतं. उन्हाळाभर आम्ही हिंडलो. खाली भातखाचरं, वर डोंगरउतारावरची वरकस जमीन. वरकस दोन-तीन वर्षं नाचणी-वरई देते, मग काही वर्षं तिला विसावा देतात आणि तिथं नुसतं गवत वाढतं. मावळात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अशाच एका गवताळ उतारावर धोंडूआबा भेटले. गोविंदाच्या आजोळचे. "सायेब, पड न्हाई ही, इसाव्याला ठिवलीय," ते म्हणाले. "तुजी आय हितंच नाचणी खुरपायची. का इसारलास इलायतेत?" गोविंदा हसला. विसरेन कसा, म्हणाला.

आणि बिऱ्हाडी आल्यावर मला सांगितलं, "उतार सगळे पिवळे कर. पड जमीन." मी आबांची आठवण दिली. "कंपनीला स्वच्छ नकाशा हवाय. तुझं नाव कोपऱ्यात घालू की..." तो अडाणी असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला सगळं माहीत होतं. मलाही होतं, आणि तरी मी पिवळा रंग कालवला.

मोबदला भातखाचरांचा मिळाला, उतारांचा नाही. आबांची मुलं घाटात रेल्वेची खडी फोडायला गेली. गोविंदाचा त्याच नकाशावर प्रबंध झाला, मग प्राध्यापकी, मग अध्यक्षपदं. राज्य आणि भूमी यांच्या नात्यावर तो सुंदर बोले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असे.

कॉलेजानं नकाशा खुशाल लावावा. फक्त खाली लिहावं, की पिवळा भाग पड नव्हता आणि हे नकाशा करणाऱ्या दोघांनाही माहीत होतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. नकाशा अजून त्याच्या खोलीत होता. "भावजी, तो त्यांनी कधी उतरवू दिला नाही," त्या म्हणाल्या. "पण खुर्ची मात्र अशी, त्याच्याकडे पाठ करून." मला त्याची दया आली नाही. वहिनी चहा करायला आत गेल्या, तेव्हा मी त्या खुर्चीत बसलो. कोपऱ्यातलं माझं नाव पाठीमागेच कुठंतरी होतं... चहा येईपर्यंत मीही मागे वळून पाहिलं नाही.