बल्ब न दिसणारे दिवे

आमच्या मालवणच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता साठतात. खारी धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी पुसते. पुसताना बाबा शेजारी उभे असतात, त्यामुळे तेवढ्यात एक नवा किस्सा तयार होतो!

दुकान भंगारात निघालेल्या बोटींच्या सामानाचं. गोल खिडक्या, सुकाणूची चाकं, दोरखंड. होमस्टेवाले हौसेने नेतात. एकदा बाबांनी गुजरातहून एका जुन्या डॅनिश बोटीचं सामान आणलं. त्यात डायनिंग हॉलचे दिवे होते. मी पेटी उघडली आणि किंचाळलेच. कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकताना असे दिवे फक्त स्लाइडवर पाहिले होते. १९५०-६० च्या काळातलं डेन्मार्क-स्वीडनचं काम! तिकडचा हिवाळा लांब आणि अंधारा. म्हणून त्यांनी पत्र्यांचे, काचेचे थर असे रचले की कुठूनही बघा, बल्ब डोळ्यांवर येत नाही. नुसता मऊ उजेड खाली उतरतो. जगभरचे शौकीन हे दिवे शोधत फिरतात.

बाबांनी एक दिवा लावला. खाली वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं, स्टुलावर चढून पाहिलं.

"बल्बच दिसना नाय! मगे लोक ह्यो दिवो घेतले कित्याक?"

मी भांडून भांडून दुकानाची पुढची शोकेस मिळवली. पण अट पडली. चतुर्थीपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर शोकेस माझ्या चुलतभावाला, सच्याला, स्कुबाच्या बुकिंगसाठी. सच्याने दुसऱ्याच दिवशी बोर्ड छापून आणला. त्यावर हसणारा मासा होता. मला बघूनच हसत होता!

*

पहिला दगा दिला पास्कू अंकलनी. ते आमचे वायरमन. बाबांच्या बालवाडीपासूनचे मित्र, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलायचं नाही, असा नियम.

मी दोन दिवस कोल्हापूरला गेले होते. परत येऊन बघते तर पितळी दिवा गडद निळा! साठ वर्षांत पितळेला चढलेली ती सुंदर काळपट झाक गायब. संग्राहक त्या झाकेवरच तर जीव टाकतात! मला रडूच फुटलं.

"रडतंस कित्याक गो बाय? काळो पडलेलो. ट्रॉलरचो रंग उरलेलो, तो मारलंय. धा वर्सां खाऱ्या पाण्यात हलाचो नाय!"

खरंच हलत नव्हता. थिनर, कापूस आणि नखं वापरून मी आठवडाभर तो खरवडला. शेवटी खालचं काळपट पितळ दिसायला लागलं. अंकल चहाला आले, दिव्याकडे पाहून हळहळले.

"परत काळो पडलो? दी हय, दुसरो हात मारतंय!"

*

मग एक दिवस अ‍ॅल्युमिनियमची एक शेडच गायब झाली. बारीक भोकांची, घंटेसारखी. मी दुकान पालथं घातलं, सच्यावर आळ घेतला, त्याच्या बोर्डावरच्या माशावरही घेतला.

शेड घरी मिळाली. स्वयंपाकघरात, तळलेल्या बांगड्यांवर पालथी.

"आई! हे जगातल्या उत्तम डिझाइनपैकी एक आहे!"

"आसाच," आई शांतपणे म्हणाली. "वारो जाता, मांजर जाना नाय. ज्या कोणी केल्यान, तो हुशार आसतलो!"

*

पुण्याहून एक जोडपं आलं. नवरा दिवा हातात घेऊन उलटसुलट बघत होता, बायको फोटो काढत होती. मी मनातल्या मनात सच्याचा बोर्ड समुद्रात बुडवला. दिवा बांधायला जुने पेपर आणावेत म्हणून मी आत गेले.

तेवढ्यात त्यांनी बाबांना विचारलं, "काका, हा खरंच साठ वर्षं जुना आहे?"

बाबांना काय ती लाज वाटली! गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, हे त्यांचं व्रत. म्हणाले, "आता काय लपवायचं? जुना आहेच. तुम्ही एवढ्या लांबून आलात, जुना कशाला नेताय? समोरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे नवा मिळेल."

वर स्वतः रस्ता ओलांडून पोचवून आले!

मी पेपर घेऊन बाहेर आले, तेव्हा ती दोघं ट्यूबलाइट घेऊन गाडीत बसत होती.

*

आणि चतुर्थी आली. शोकेस तशीच भरलेली. सच्या दुकानात येऊन टेपने मापं घेऊन गेला.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी असते, फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. तिच्या शेजारी दर वर्षी पास्कू अंकल एक फोकस लावतात. तो असा भगभगतो की आरतीला अर्धी मंडळी डोळे मिटून उभी असतात. सगळ्यांना वाटतं, भक्ती!

यंदा ऐन पूजेच्या आधी फोकस उडाला. बाजार बंद. अंकल दुकानात गेले आणि माझा सगळ्यात मोठा, तांब्याच्या पाकळ्यांचा दिवा उचलून माटवीच्या मधोमध टांगला. मला न विचारता! आईने वर त्याच्या पाकळ्यांना कवंडळांची केशरी रानफळं आणि सुपारीचे घोस अडकवले.

मी तोंड उघडणार, इतक्यात आरती सुरू झाली. डोळे कोणीच मिटले नाहीत. झाल्यावर बाबा मूर्तीसमोरच रेंगाळले.

"मूर्ती यंदा खंयसून आणलंस रे? काय चेहरो हा!" शेजारचे आजोबा म्हणाले.

मूर्ती दर वर्षीच्याच मूर्तिकाराच्या शाळेतली, दर वर्षीच्याच साच्यातली.

संध्याकाळी गोव्याहून एक बाई आल्या. जुने दिवे जमवणाऱ्या. मी इंटरनेटवर टाकलेले दिव्यांचे फोटो पाहून दुकानावर गेल्या होत्या, बंद दिसलं म्हणून पत्ता विचारत घरी. माटवीकडे बघून त्या दारातच थबकल्या. मग पाकळीवरचं कवंडळ हळूच बाजूला करून बघितलं.

"हाच. विसर्जनानंतर नेते. चालेल?"

चालेल म्हणजे काय! मी सच्याकडे पाहिलं. त्याने टेप खिशात घातली.

"ह्यो कोणाक देवचो नाय," बाबा म्हणाले.

"बाबा! तुमचीच अट! चतुर्थी आजच आहे! गिऱ्हाईक दारात आलंय आणि तुम्हीच..."

"ह्यो घरात रवतलो. दरवर्साक लागतलो." आणि मग बाईंकडे वळून, गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत, "असे बाकीचे शोकेसमध्ये आहेत. आमची मुलगी दाखवील. तिचीच शोकेस आहे ती."

बाईंना गंमत वाटली. "पण काका, असं काय आहे हो या दिव्यात?"

बाबांनी घसा खाकरला, सदरा सारखा केला.

"मॅडम," ते म्हणाले, "यात बल्ब दिसत नाही!"