जागेवर थांबणारी गाडी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान आपोआप खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांची मला कधी लाज वाटली नाही. ही तर साधी अपघाताची केस. ठाण्याच्या नोंदवहीत अशा डझनाने असतात.

तेव्हा मी रायगड किनाऱ्यावरच्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सुपारीच्या वाड्या आणि मधून अरुंद, वळणांचा रस्ता. एका रविवारी सकाळची हजेरी आटोपते तोच फोन आला. वळणावर एक मोटार रस्ता सोडून खाली उतरली, कडेला चटईवर सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घालणाऱ्या बाईला उडवून वाडीभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. बाईचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. फोन करणारा स्वतः चालकच होता. त्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवले होते. त्याच्या बाजूने हे सांगितले पाहिजे.

चालक गावातलाच तरुण, न्हावा शेव्याला कंटेनर वाहतुकीच्या कचेरीत नोकरी, सुट्टीला घरी येणारा. गाडी त्याने सेकंडहँड घेतलेली, रोजच्या वापराचीच, पण शर्यतीच्या गाडीसारखी सजवलेली. जमिनीला टेकेल अशी खाली बसवलेली, आणि पुढच्या चाकांच्या आऱ्यांतून लालभडक कॅलिपर दिसायचे. कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळणारा पंजा. साधे ब्रेक काढून त्याने शर्यतीचे मोठे ब्रेक बसवून घेतलेत, हे गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होते. गाडी सुसाट आणायची आणि बंदराच्या धक्क्यावर करकचून थांबवायची, हा त्याचा रविवारचा खेळ.

"सर, ब्रेकच लागला नाही," तो म्हणाला. "पेडल डायरेक्ट खाली गेलं. त्या मिस्त्रीने काम बोगस केलंय."

मिस्त्री म्हणजे बाजारपेठेतला गॅरेजवाला. त्याच्या फलकावर याच गाडीच्या लाल चाकाचा फोटो होता आणि खाली 'ब्रेक व सस्पेन्शनचे खास काम'. तो फोटो पाहून अलिबागेपासून गाड्या त्याच्याकडे येत.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "तो मिस्त्री भंगारातले पार्ट लावतो. धाड घाला, सगळं मिळेल." आमच्या हवालदारांनी आवाज लगेच ओळखला. नाक्यावरचा दुसरा गॅरेजवाला. टीप देणाऱ्याचे दुकान कुठे आहे हे आधी पाहावे, हे मी फार लवकर शिकलो होतो. तरी टीप म्हणून नोंद घेतली आणि मिस्त्रीला बोलावणे पाठवले.

मला मात्र घटनास्थळाचा पंचनामा खटकत होता. रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा होत्या. त्या सलग नव्हत्या, तुटक होत्या, चाक उड्या मारत गेल्यासारख्या. पण होत्या. पेडल खाली गेले आणि ब्रेक लागलाच नाही, तर त्या आल्या कुठून?

मिस्त्री आला. पन्नाशीचा, आडदांड, आवाज असा की व्हरांड्यात बोलला तर लॉकअपमध्ये ऐकू जावा. मला वाटले होते, तो हात झटकेल. तो म्हणाला, "काम माझंच हाय साहेब, आन चोख हाय. माझ्या हातचा ब्रेक फेल व्हायचा न्हाय."

"ब्रेक खराब निघाले तर तुम्ही सहआरोपी व्हाल. गॅरेजला टाळं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. काम चोख हाय."

बाहेर तरुणाचे वडील ओरडत होते. त्यांचे दोन ट्रेलर न्हावा शेवा बंदरावर चालत, उमेदीची वर्षे स्वतः ड्रायव्हरकी करण्यात गेलेली. "माझ्या पोराचा जीव गेला असता! आत टाका त्याला!" तरुणाचे चार-पाच मित्रही आले होते, तशाच नटवलेल्या गाड्या घेऊन, मोबाईल हातात धरून. फेल झालेल्या ब्रेकचा फोटो त्यांना पाहिजे होता.

मी माणूस हिशोबी. घरची गाडी दुरुस्तीला टाकली की जुना पार्ट मागून घेतो, पिशवीत घालून घरी आणतो. आपल्याकडे बहुतेक गृहस्थ हेच करतात. नवा खरंच बसवला याची खात्री जुना हातात आल्याशिवाय होत नाही. म्हणून दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मी तेवढेच विचारले. जुने ब्रेक कुठे आहेत?

तरुण म्हणाला, "मिस्त्रीकडेच राहिले सर. भंगारात दिले असतील."

मिस्त्री म्हणाला, "त्याच्याच डिकीत टाकून दिले. घरी असतील."

दोन्ही उत्तरे झटकन आली. मी दोघांना समोरासमोर उभे केले आणि उत्तरे वाचून दाखवली. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

"हरकत नाही," मी म्हणालो. "चाक खोलून बघू."

"आरटीओचे साहेब येतील ना उद्या," तरुण घाईने म्हणाला. "त्यांच्यासमोर..."

"आज नको साहेब," मिस्त्रीही म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

तिथेच केस उलगडली. ज्याच्यावर ब्रेक बिघडवल्याचा आरोप आहे तो चाक खोला म्हणून आरडाओरडा करतो. ज्याचे नुकसान झाले तोही करतो. इथे दोघांनाही चाक खोलायला नको होते.

गाडी ठाण्याच्या आवारातच जप्त करून ठेवली होती. बाजारातले दोन पंच बोलावले, एक शिंपी आणि एक किराणा दुकानदार. जॅक लावला. तरुण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, प्लीज, माझ्या मित्रांना गेटबाहेर काढा." ते करायला माझे काही जात नव्हते. मी केले नाही.

चाक निघाले. वडील गुडघ्यांवर बसले, वाकून पाहिले आणि लाल कॅलिपरला हात घातला. तो हातातच आला. प्लास्टिकचे टोपण होते, गोंदाने चिकटवलेले. त्याच्या मागे गाडीचा मूळचा साधा ब्रेक जसाच्या तसा होता.

वडिलांनी ते टोपण उलटसुलट करून पाहिले. "ह्ये काय रे?" ते एवढेच म्हणाले.

मित्रांपैकी एक म्हणाला, "अरे भाई, हे तर खेळणं आहे!" आणि सगळे हसले. पंच हसले. हवालदार हसले. मीही हसलो. न हसणारे तिघेच होते. तरुण, मिस्त्री आणि हातात टोपण धरून बसलेले ते वडील.

मग सगळा प्रकार बाहेर आला. खऱ्या ब्रेकची बढाई मित्रांत आधीच मारून झाली होती, म्हणून तरुणाने टोपणे आणली. मिस्त्रीने ती चिकटवून दिली आणि नंतर फोटोही लावला. "लोक इचारायला लागले, हे तूच केलंस काय. मी व्हय म्हनलो," तो म्हणाला. "आता न्हाय म्हनलो तर ज्यांचं खरं काम केलंय तेपण जॅक घेऊन दारात येतील." गाडी खाली बसावी म्हणून तरुणाने बंदराकडच्या एका टपरीवर स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. मिस्त्रीने त्याला नाही म्हटले होते. कापलेल्या स्प्रिंगांमुळे खड्ड्यांवर चाके जमीन सोडत होती आणि ब्रेक लागूनही टायरला पकड मिळत नव्हती. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी तसाच अहवाल दिला. मूळ ब्रेक सुस्थितीत, स्प्रिंगा कापलेल्या, वेग जास्त.

पंचनामा लिहिताना तरुण म्हणाला, "सर, फक्त कव्हर लिहा ना. प्लास्टिक लिहू नका."

त्याच्यावर गुन्हा दाखल होता, कोर्टात उभे राहावे लागणार होते, नोकरी जाऊ शकत होती. त्याने त्यातले काही मागितले नाही. मी 'लाल रंगाचे, प्लास्टिकचे, गोंदाने चिकटवलेले' असे लिहिले. लिहिणे भागच होते. त्या शब्दांवाचून मिस्त्री सुटत नव्हता. पंचनामा नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. मिस्त्री घरी गेला. त्याच संध्याकाळी त्याने फलक उतरवला.

तपास पूर्ण झाला असे मी समजलो. बाईचा पुरवणी जबाब तेवढा राहिला होता. पहिला जबाब हवालदारांनी दवाखान्यात जाऊन घेतला होता. वेळ, ठिकाण, गाडीचा रंग, दिशा. काही उणे नव्हते. दोन दिवसांनी मी तिला ठेवले होते त्या अलिबागच्या दवाखान्यात गेलो. बाई खाटेवर होती, पाय लाकडासारखा ताठ बांधलेला. तरुणाचे वडील डबा घेऊन आले होते. तरुण दाराशी उभा होता.

मी तिला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "म्हंजे ब्रेक न्हवतेच?"

"होते. साधे होते."

तिने बांधलेल्या पायाकडे पाहिले. मग म्हणाली, "मी गाडी लांबून बघितली व्हती साहेब. उठता आलं असतं. पन मी म्हनलं, ही तीच गाडी, ही जागेवर थांबते. धक्क्यावर माझ्या डोळ्यांनी बघितलीय. म्हनून उठले न्हाय. सोडे उलटवीत बसले."

वडिलांनी डब्याचे झाकण लावले, उघडले, परत लावले. तरुण दारातून आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. कोणी हसले नाही. हसण्यासारखे ते आधीही नव्हते.

माणूस तुरुंगाला जेवढा भितो, त्याहून जास्त चारचौघांतल्या हसण्याला भितो, हे त्या केसमध्ये मी पाहिले. पुढे चौकशीत त्याचा उपयोगही झाला. हा मोठा धडा आहे असे तेव्हा वाटले होते. आज तसे वाटत नाही. आम्ही सगळे, मी, पंच, मित्र, एका चाकाभोवती गोळा होऊन टोपण खरे की खोटे ते शोधत होतो. त्या टोपणाने काय केले, हे जी सांगू शकली असती तिच्याकडे आम्ही सर्वांत शेवटी गेलो, आणि तिथेही तिने आपणहून सांगितले म्हणून कळले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत अपघातातल्या प्रत्येक जखमीला मी एक प्रश्न जास्तीचा विचारला. गाडी येताना दिसली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

त्या बाईच्या पहिल्या जबाबात हा प्रश्न नाही. तो जबाब मी वाचला होता, पुरेसा आहे असे ठरवले होते, आणि दवाखान्यात पाऊलही न टाकता खाली 'समक्ष' लिहून सही केली होती.