काकांनी वाळवलेली पँट

माझ्या बी. एस्सी.च्या प्रमाणपत्रावर एकट्या माझंच नाव आहे, आणि ते अपुरं आहे. तिथे काळाचौकीच्या काकांचंही नाव हवं होतं. रक्ताच्या नात्याने ते माझे कुणी नव्हते. कोरड्या हवेच्या माणदेशातून कॉलेजसाठी मुंबईला आलो, तेव्हा गावाकडच्या एका गिरणी कामगाराने मला त्यांच्या दारात उभं केलं. काकांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "तुमच्याकडे माठातलं पाणी किती गार होतं?" मी म्हणालो, "दात ठणकतात, इतकं." काका आत वळून काकींना म्हणाले, "अगं, ह्याला ठेवून घेऊ."

पाण्याचा प्रत्येक थेंब कुठून येतो नि कुठे जातो, यावर लक्ष ठेवण्याची कामगिरी जणू देवाने काकांकडे दिली होती. दिवसा ते एका कंपनीत कारकून होते आणि संध्याकाळी गिरणी कामगारांच्या रात्रशाळेत विज्ञान शिकवत. पण त्यांची खरी शाळा घरीच भरे. चहाची किटली उकळू लागली की ते तिच्या तोंडाशी बोट नेत. "इथे, जिथे काहीच दिसत नाही ना, ती खरी वाफ. पुढचा पांढरा ढग म्हणजे गारठलेले थेंब!" हे पाहुण्याला पटेपर्यंत कप निवत. काकी म्हणत, "आता वाफ पण नाही नि ढग पण नाही. प्या गार."

काकी भाजीवर पाणी घातलेली ताटली झाकत. ती उचलून खालचे थेंब शेजाऱ्यांना दाखवल्याशिवाय काकांना राहवत नसे. "पुन्हा झाकण उचललंत तर गवार कच्ची वाढीन," काकींनी एकदा बजावलं, आणि वाढलीही. काकांनी ती निमूटपणे चावली. गॅलरीतल्या दोऱ्यांवर लोकांचे ओले कपडे एकमेकांना चिकटलेले त्यांना बघवत नसत; येताजाता ते दोन कपड्यांमध्ये हवेला वाट करून देत. पलीकडच्या खोलीतल्या आजी ओरडत, "मेल्या, माझ्या लुगड्याला हात लावशील तर बघ!" काका लांबूनच सांगत, "आजी, मी लुगड्याला नाही, हवेला मदत करतोय."

पहिल्या वर्षी मी फिजिक्समध्ये नापास झालो आणि गावी परत जायला निघालो. काकांनी माझ्या मनगटावर ओलं बोट फिरवलं आणि फुंकर मारली. "गार लागलं? पाणी उडताना तुझ्या अंगातली ऊब घेऊन गेलं. हे तुला कळलं, मग बाकीचंही कळेल. ट्रंक खाली ठेव." मी ठेवली. बी. एस्सी. पास झाल्यापासून ते मला 'ग्रॅज्युएट' अशीच हाक मारत.

पुढे दादरला एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत माझी मुलाखत ठरली. शिक्षकाची जागा आमच्या माणदेशातल्याच एका शाळेत होती. घरी आई-वडील त्या नोकरीकडे डोळे लावून बसले होते. माझ्याकडे पँट एकच. आदल्या दिवशी ती धुवावी, सकाळपर्यंत खडखडीत वाळेल, असं काकांनी छातीठोक सांगितलं. भाद्रपदातली दमट हवा. सकाळी पँट तशीच ओली. त्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पुकारलेला. इस्त्रीवाल्याचं दुकान बंद, बस बंद.

"तांब्यात निखारे घालून फिरवते," काकी म्हणाल्या.

"शिवणी ओल्याच राहतील. अंगाची ऊब आणि वाहती हवा, दोन्ही पाहिजे," असं म्हणत जन्मभर धोतर नेसलेल्या काकांनी माझी पँट चढवलीसुद्धा.

"काका, मीच घालून चालतो ना!"

"तुला मुलाखतीच्या भीतीने घाम फुटलाय. पाणी काढायचंय की घालायचंय?"

आणि काका रिकाम्या रस्त्यावरून लालबागच्या दिशेने झपाझप चालू लागले. नाक्यावरच्या पोरांना वाटलं, प्रभातफेरी निघाली. ती मागे लागली. पुढच्या चाळीतली आणखी आली. बघता बघता काकांच्या मागे "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना सुरू झाली. नोकरीच्या धास्तीने आजवर एकाही मोर्चात न गेलेले काका अशा रीतीने मोर्चाचे पुढारी झाले. मी धापा टाकत पोहोचलो, तोवर हवालदाराने त्यांचा दंड धरला होता.

"मोर्चा कुणाचा?"

"मोर्चा नाही हो. पँट वाळवतोय."

"झालाच पाहिजे!" मागून पोरं.

हवालदाराने पँट चाचपली. "ओली आहे खरी," तो म्हणाला, "पण चौकीवर चला." जाता जाता काका माझ्याकडे बघून ओरडले, "ग्रॅज्युएट, माझं धोतर नेस आणि जा!"

त्यांना तसं सोडून माझा पाय निघेना. मागोमाग आलेल्या काकींनीच माझ्या हातात धोतर कोंबलं. "ह्यांना मी आणते. तू गेला नाहीस, तर हे आयुष्यभर स्वतःला माफ करायचे नाहीत." मी काकांचं धोतर सावरत दादरपर्यंत चालत गेलो. हरताळामुळे आम्ही दोघेच उमेदवार पोहोचलो होतो. मला बोलावं लागलं ते फक्त बाष्पीभवनावर, आणि मी काकांसारखा बोललो.

दुपारी परतलो, तर काका दारात उभे. चौकीतल्या पंख्याखाली तीन तास बसवलं होतं म्हणे. हातातली पँट त्यांनी झटकली. "बघ. खडखडीत."

नोकरी मिळाली, म्हणजेच काळाचौकी सुटली. ओली पँट घातल्या दिवसापासून काकांच्या छातीत बसलेला खोकला मात्र हटेना. काकी दर पत्रात तेवढंच कळवत. काका त्याविषयी एक अक्षर लिहीत नसत. शेवटी मी त्यांना लिहिलं:

"तीर्थस्वरूप काकांस, शिरसाष्टांग नमस्कार. काल वर्गात एका मुलीने विचारलं, फळा पुसल्यावर त्यावरचं पाणी गेलं कुठे? मी सांगितलं, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझ्या सांगण्याने तो बसत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला कोरड्या हवेत राहायला सांगितलं आहे, हे मला काकींकडून कळलं, तुम्ही लपवलंत. मला दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक तुमची. नाही म्हणू नका. मुलीला मी सांगितलं आहे, की ज्यांना नीट सांगता येतं, ते येताहेत. आपला, ग्रॅज्युएट."