साडूभाऊंचं शून्य

शून्यावर इतका जीव आणि इतका संशय एकाच वेळी असलेला माणूस माझ्या साडूभाऊंखेरीज अख्ख्या हिंदुस्थानात दुसरा झाला नसेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. ऐंशीच्या दशकात बँकेने माझी बदली जयपूरला केली, तेव्हा ते तिथे एका कचेरीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत होते. इंग्रजी ओ आणि शून्य हे दिसायला जुळे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा घुसला की मशीनचं डोकं फिरतं. म्हणून साडूभाऊ प्रत्येक शून्याच्या पोटातून एक तिरकी रेघ मारत. कचेरीत मारत ते ठीक, पण गॅसच्या नंबरावर, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर, मानसरोवर वसाहतीतल्या घराच्या फाटकावरही मारत. स्कूटरच्या पाटीवरची शून्यं तर त्यांनी स्वतः ब्रश घेऊन कापली होती. चौपडीवर, म्हणजे जुन्या शहरातल्या मोठ्या चौकात, हवालदाराने अडवलं. "जीरो काट क्यों रखा है? नंबर रद्द हो गया क्या?" साडूभाऊ म्हणाले, "रद्द नहीं, पक्का किया है," आणि स्कूटर स्टँडला लावून त्यांनी त्याला ओ आणि शून्यातला भेद इतका समजावला, की शेवटी हवालदारानेच हात जोडून वाट मोकळी करून दिली.

कचेरीत नवं मशीन आलं आणि त्याच्या भाषेत मोठा ए निराळा, छोटा ए निराळा असं कळलं, तेव्हा तर घरात सुतकच आलं. "काल एकच होता हो तो! आज त्याचे दोन केले," ते मला सांगत होते. "आपली अक्षरं बघा. सगळी एकाच रेघेला लटकलेली. कुणी थोरलं नाही, कुणी धाकटं नाही." ताई आतून म्हणाल्या, "पोळी गार होतेय, थोरले!"

अशा माणसाच्या हातून ते घडायला नको होतं. मुलींच्या एका शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल त्यांच्या प्रोग्रॅममधून निघायचा होता. कागदावर त्यांनी लिहून दिलं, की गैरहजर मुलीला शून्य गुण. शून्याला अर्थातच रेघ. टाईप करायला झोटवाड्याहून येणारी एक नवी मुलगी होती. तिला त्यांनी बजावलं, "कटा हुआ अलग है, ध्यान रखना." तिने ध्यान ठेवलं. निकाल वर्तमानपत्रात छापून आला, आणि परीक्षेला न बसलेल्या तीन मुली राज्यात पहिल्या आल्या!

टाईप करणारी मुलगी रडकुंडीला आली. "सर, हमें तो सिखाया था कि कटा हुआ ओ होता है, सादा वाला जीरो." तिच्या शिकवणाऱ्यांची रीत उलटी होती. तिने शून्याच्या जागी ओ टाईप केला आणि मशीनला अक्षर म्हणजे आकडा ठेवायचा खण, त्यामुळे ओच्या खणात त्याला मागच्या कुठल्या तरी हिशेबातले चौऱ्याण्णव पडलेले सापडले. "कोणता कापलेला, हे सांगायचंच राहिलं की माझ्याकडून," साडूभाऊ एवढंच म्हणाले.

तिघींपैकी दोघी लग्न होऊन सासरी गेल्या होत्या. तिसरी जयपूरजवळच्या बस्सी गावची विमला. परीक्षेच्या दिवशी ती टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली होती. कचेरीने पत्र पाठवायचं ठरवलं, पण साडूभाऊ म्हणाले, "चूक माझी, तोंडही माझंच हवं." मला मागे बसवून त्यांनी आग्रा रोडला स्कूटर घातली. विमलाच्या बापाने दारातच त्यांच्या गळ्यात हार घातला, हातावर लाडू ठेवला. साडूभाऊ घाम पुसत राहिले. शेवटी विमलाच म्हणाली, "मैं तो बैठी ही नहीं थी, साहब. बापूजी मानते ही नहीं. कहते हैं, कंप्यूटर झूठ नहीं बोलता."

"कंप्यूटर नहीं, मैं चूक गया," साडूभाऊ म्हणाले.

बापाने लाडवांचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "पूरे गाँव का मुँह मीठा करा दिया. अब लोगों से क्या कहूँ?"

"कहिए, अगले साल की पेशगी थी," साडूभाऊ बोलून गेले, आणि बोललेलं निभावायला त्यानंतरचे सगळे रविवार बस्सीला जाऊ लागले. विमलाला गणित शिकवायचे, तिच्या आईच्या हातची बाजरीची भाकरी खायचे आणि परतल्यावर ताईंना, मुलगी भागाकारात कशी घाई करते, हे काळजीने सांगायचे. ताई ऐकता ऐकता तांदूळ निवडायच्या. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि त्या विषयावर आमच्याकडे कुणी कधी बोलत नसे.

पुढच्या निकालाच्या वेळी त्यांनी कचेरीतली यादी पाहिलीच नाही. छापून येईल त्या सकाळी मला घेऊन कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेले. अंक माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच बघा, माझा चष्मा घरी राहिला." चष्मा नाकावरच होता. विमलाचा नंबर यादीच्या मध्यावर कुठेतरी होता. मी बोट ठेवून दाखवला. साडूभाऊ त्या नंबराकडे पाहत राहिले.

"बेटी का रिजल्ट है, बाबूजी?" पेपरवाल्याने विचारलं.

समोरच्याची चूक जागच्या जागी दुरुस्त केल्याशिवाय पाणी न पिणारा हा माणूस. मी वाट पाहत होतो.

"हां," साडूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी आणखी दोन अंक मागून घेतले.