गिटार चांगली निघाली तर काय करायचं?

पंचवीसेक वर्षांपूर्वीचा नोव्हेंबरमधला एक शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर मी भोकरदनहून जालन्याची एसटी पकडली आणि सगळा रस्ता 'परत फिरू का' असं स्वतःलाच विचारत बसले. कारण काय, तर मला गिटार घ्यायची होती!

हसू नका... खरंच भीती वाटत होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागलेली. डी.एड.च्या होस्टेलवरच्या मैत्रिणीने लग्न ठरल्यावर तिची जुनी गिटार मला देऊन टाकली होती. जाताना चार कॉर्ड शिकवल्या, बाकी सगळं मी पुस्तकात बघून...

त्या गिटारच्या तारा दांडीपासून इतक्या वर होत्या की खालून पेन्सिल सरकावी. दाबून दाबून बोटांना चिरा पडायच्या आणि आवाज यायचा एक तर झर्र, नाहीतर थप्प. त्यात 'एफ' नावाची एक कॉर्ड आहे. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या. ती तर वर्षभरात एकदाही वाजली नव्हती.

कुणी विचारलं की मी म्हणायचे, गिटारच खराब आहे. आणि भीती नेमकी याचीच होती. चांगली गिटार हातात आली आणि तिच्यावरही तसाच आवाज निघाला तर? मग सांगायला काहीच उरणार नव्हतं... आज नाही वाजली तर हा नाद कायमचा सोडायचा, असं मी मनाशी ठरवूनच निघाले होते.

जालन्याच्या स्टँडवर अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर. गाळप सुरू असताना कधी सुट्टी न घेणारा माणूस. पण "दुकानात एकटीला जायला कसंतरी वाटतं" असं मी फोनवर म्हटलं आणि ते आले.

त्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं वाजवणंही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं... सुट्टीत घरी गेले तरी ते घरात शिरले की मी थांबायचे.

मस्तगडमधलं ते दुकान तसं तबला-पेटीचं. भिंतीवर फक्त दोन गिटारी टांगलेल्या. एक लालभडक, चकाकणारी. दुसरी साधी, लाकडी रंगाची, अंगावर धूळ. पेटी दुरुस्तीला आलेले भजनी मंडळातले दोघं बाकावर बसले होते. मी गिटारकडे बघितलं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाजवून बघा ना ताई. बिलकुल नवी आहे," म्हणत दुकानदारांनी लाल गिटार काढून माझ्या हातात दिली.

मी स्टुलावर बसले. हात घामाने ओले, तारेवरून बोट घसरतंय... मी 'एफ' धरली आणि तारा छेडल्या.

थप्प.

पुन्हा धरली. पुन्हा तेच. बाकावरचे एक काका उगाच रस्त्याकडे बघायला लागले, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. झालं, म्हटलं. कळलं एकदाचं... मी गिटार परत द्यायला उठले.

"थांब. इकडं दे जरा," अण्णा म्हणाले.

त्यांनी गिटार घेतली, दाराच्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि दांडीच्या टोकाकडून सरळ नजर लावली. कारखान्यात लोखंडी शाफ्ट तपासतात, तशी. मग खिशातली स्टीलची पट्टी काढून तिची कड दांडीवर लांबीला टेकवली. मध्ये चांगली फट दिसत होती.

"वाकलेली हाये ही," ते म्हणाले. दुकानदारांनीही वाकून बघितलं. "बराबर आहे तुमचं," ते जरा ओशाळून म्हणाले, "खोक्यातून आली तशी टांगली होती मी."

मग अण्णांनी ती धुळकट गिटार मागून घेतली. तिच्यावरून तशीच नजर फिरवली, पट्टी ठेवली आणि ती माझ्यापुढे धरली. "ही सरळ हाये. हिच्यावर वाजव."

खरं सांगते, तेव्हा पळून जावंसं वाटलं. लाल गिटारने मला एक कारण परत मिळवून दिलं होतं आणि अण्णा तेच काढून घेत होते...

पण त्यांनी ती धरूनच ठेवली होती. मी बसले. हात ओढणीला पुसले. बोट आडवं टाकलं. तारा किती खाली होत्या, किती मऊ! अंगठा वरून खाली नेला...

वाजली. माझ्या हातातून असा भरीव आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी परत वाजवली, मग एकेक तार वेगळी छेडली.

"एक न्हाई वाजली," अण्णा म्हणाले. ते कान देऊन मोजत होते! "पाचच वाजल्या."

"ते माझंच चुकतंय, अण्णा. बोट नीट पडत नाहीये."

असं मी मोठ्याने पहिल्यांदाच कबूल केलं होतं, तेही चारचौघांत. वाटलं होतं रडू येईल... आलं नाही.

"मंग काय बिघडलं?" ते पट्टी खिशात ठेवत म्हणाले. "तुझं बोट हाये, सरळ करता येतंय. दांडी वाकली आस्ती तर आपल्याला न्हाई जमलं आस्तं."

आम्ही तीच गिटार घेतली. ती राहिलेली तार वाजायला मला पुढे संक्रांत उजाडली, पण सोडून द्यायचा विचार पुन्हा मनात आला नाही.

अण्णा आता ऐंशीचे झालेत. "आपल्याला काय कळतंय त्यातलं" असं अजूनही म्हणतात, पण मी वाजवायला बसले की उठून टीव्ही बंद करतात. ज्याला आपली चूक बिनघोर ऐकवावी असा एक माणूस मला मिळाला... शिकायला आणखी काय लागतं?