ताकातली पुडी

मैत्रिणींनो, आज रिपोर्ट बघून रडूच आलं. लिव्हरचे आकडे थोडे वाढलेत म्हणून दोन महिने गोळ्या वेळेवर घेतल्या, तळलेलं सोडलं, लग्नातही नुसता वरणभात खाल्ला. तरी आकडे आणखी वर!

डॉक्टरांनी विचारलं, "एखादी जडीबुटी घेता का? त्यानेही वाढतात." मी ठामपणे नाही म्हणाले.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "उतरलं नं? देवरीहून काविळीच्या जडीबुटीची पुडी आणली होती. रोज तुह्या ताकात टाकून राहिली होती."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"सांगतली असती तं तू पेली असती का?"

ओरडणार होते, पण आकडे आणखी वाढलेत हे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

आत्ता त्यांनी पुन्हा ताक आणून ठेवलंय. म्हणतात, "काहीच नाही टाकलं वो."

तुम्ही प्याल का?